मेळावे, मशीन, कर्ज सगळं ठीक, पण माल घेणार कोण?

सातपूरचा_टर्नर
नाशकात हल्ली कुठे ना कुठे स्वावलंबन मेळावा चालूच असतो. नेते येतात, शिलाई मशीन वाटतात, नोकरी मागू नका नोकरी देणारे व्हा असं भाषण ठोकतात, बाजूला मुद्रा नाहीतर विश्वकर्मा या सरकारी कर्ज योजनेचं बॅनर. माझा स्वावलंबनाला विरोध नाही, मी स्वतः सातपूरला दोन लेथवर जॉबवर्क करतो आणि मला त्याचा अभिमान आहे. पण माझं म्हणणं आहे की अशा नेत्याची परीक्षा त्याने किती मशीन आणि किती कर्ज वाटलं यावर करूच नये, त्याने गरीब माणसाला पहिलं गिऱ्हाईक आणून दिलं का यावर करावी.

कोल्हापूरचे गंगाराम कांबळे आठवा. सवर्णांच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारलं होतं. शाहू महाराजांनी त्यांना पैसे देऊन चहाचं हॉटेल काढायला लावलं. आता त्या काळात त्यांच्या हातचा चहा पिणार कोण? म्हणून महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा घ्यायचे आणि बरोबरच्या बड्या लोकांनाही घ्यायला लावायचे. नुसते पैसे देऊन थांबले असते तर ते हॉटेल चाललंच नसतं.

आणि हे आजही करता येतं, कायदे आहेत. केंद्राची खाती आणि सरकारी कंपन्या यांनी खरेदीतला 25 टक्के माल सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा, त्यात 4 टक्के एससी-एसटी आणि 3 टक्के महिला उद्योजकांकडून. पेमेंट जास्तीत जास्त 45 दिवसांत, हे 2006 च्या कायद्यात आहे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. पण आम्ही छोटे लोक काम देणाऱ्या कंपनीकडे व्याज मागायला जात नाही कारण पुढचं काम बंद होईल ही भीती. मेळाव्यात एक तरी नेता या 45 दिवसांवर बोलला का? मी तरी ऐकला नाही.

मोहाडी_परिसर
दादा, तुमची तळमळ पटते पण दिशा अजिबात पटत नाही. सगळं शेवटी सरकारने विकत घ्यावं, नेत्याने गिऱ्हाईक आणावं, मग स्वावलंबन राहिलं कुठे? नेता बदलला की गिऱ्हाईक गेलं.

आमच्या दिंडोरी तालुक्यात बघा. 2010 ला क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपल्या द्राक्षाचे कंटेनर अडकले, भलेभले बागायतदार कर्जात गेले. तेव्हा कोणी पुढारी गिऱ्हाईक घेऊन आला नाही. विलास शिंदेंनी शेतकरी एकत्र केले, शेतकऱ्यांच्या मालकीची कंपनी उभी केली, तपासणी, ग्रेडिंग, पॅकिंग सगळं आपल्या हातात घेतलं, आज मोहाडीत टोमॅटोवर प्रक्रिया होते, द्राक्ष परदेशात जातं. युरोपातला सुपरमार्केटवाला कोणाच्या चिठ्ठीवर माल घेत नाही, क्वालिटी बसली तर घेतो नाहीतर परत पाठवतो. हे शिकवणारा नेता पाहिजे. टक्केवारी राखून ठेवली की माणूस टक्केवारीपुरताच वाढतो असं माझं स्पष्ट मत आहे.

पेठची_लेक
मोहाडीवाले दादा, तुमच्या बागेत थिनिंगला (मणी विरळ करायला), डिपिंगला (घड औषधात बुडवायला) कोण येतं ते पण लिहा ना. आमच्या पेठ, सुरगाण्याच्या मजुरांच्या टोळ्या येतात. भात निघालं की निम्मं गाव खाली उतरतं, लेकरं बरोबर, शाळा बुडते. तुमचं मोठेपण मान्यच आहे पण ज्याच्या नावावर बाग होती तो कंपनीचा मालक झाला. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने कुठून सुरुवात करायची?

दादासाहेब गायकवाड आपल्याच नाशिकचे. 1930 च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात बाबासाहेबांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले, आणि पुढे 1959 ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला. लोकांना धंदा करा म्हणायच्या आधी पायाखाली जमीन द्या ही त्यांची मागणी होती. 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला आमची माणसं चालत गेली, पायाची सालं निघाली, ती पण वनजमिनीसाठीच. आता वनहक्काचा पट्टा मिळतो पण कायद्याने तो विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. ते बरोबरच आहे नाहीतर सावकाराने कधीच गिळला असता, पण मग बँक म्हणते हे तारण चालत नाही. म्हणजे जमीन आहे पण तिच्यावर कर्ज नाही. स्वावलंबनावर बोलणाऱ्या नेत्याने हा तिढा सोडवावा, आमच्या नागलीला (नाचणीला) आणि स्ट्रॉबेरीला मग आम्ही गिऱ्हाईक शोधतो.

गटाची_अध्यक्षा (नाशिकरोड)
मला या चर्चेत एक खटकतंय, सगळे कर्जाला आणि मशीनला नावं ठेवताय. ताई दादा, ज्या बाईला आयुष्यात नवऱ्याकडे दहा रुपये मागावे लागले तिच्या नावावर बँकेत खातं असणं काय असतं ते तिला विचारा. आमच्या बचत गटात महिन्याची बचत, त्यातून अंतर्गत कर्ज, कोणाची पोळीभाजी, कोणाचं ब्लाऊज पिकोफॉल, कोणी भगरीचे आणि नागलीचे पापड करतं. माविम, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, 1975 पासून आहे, तेव्हापासून किती बाया पहिल्यांदा उंबरा ओलांडून मीटिंगला बसल्या. लिज्जत पापड 1959 ला गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केलं, त्यांना कुठलं आरक्षित गिऱ्हाईक होतं? 80 रुपये होते, ते परत करायचेच ही जिद्द होती.

मशीन वाटप वाईट नाही. मशीन देऊन फोटो काढून परत कधी न येणं वाईट आहे.

अर्थशास्त्र_शिकवतो
अध्यक्षा ताई, तुमच्या गटाबद्दल पूर्ण आदर, बचत आधी आणि कर्ज नंतर हा तुमचा क्रम मला फार मोलाचा वाटतो. पण नुसत्या कर्जावर भरवसा ठेवला की काय होतं ते आंध्रात दिसलं. मुहम्मद युनूसांनी 1976 ला बांगलादेशातल्या जोब्रा गावात 42 जणांना खिशातले 27 डॉलर देऊन सुरुवात केली, 2006 ला नोबेल मिळालं, आणि ते बघून आपल्याकडे नफ्यासाठी धावणाऱ्या कंपन्या वस्त्यांमध्ये घुसल्या. एका बाईच्या डोक्यावर चार-चार कर्जं, आठवड्याचा हप्ता, वसुलीवाला दारात. 2010 ला आंध्रात आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि तिथल्या सरकारला ऑक्टोबरमध्ये वटहुकूम काढावा लागला.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो या अर्थतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादच्या वस्त्यांमध्ये सूक्ष्म कर्जाचा अभ्यास केला. काहींनी धंद्यात जास्त पैसे घातले, टिकाऊ वस्तू घेतल्या, पण सरासरी घराचा एकूण खर्च काही वाढला नाही, म्हणजे गरिबी हटली असं म्हणता येत नाही. ज्यांचा धंदा आधीपासून चालू होता त्यांना जास्त उपयोग झाला.

माझा मुद्दा सातपूरच्या दादांपेक्षाही पुढचा आहे. प्रत्येकाने धंदाच का करायचा? अंबडला, सिन्नरला कारखान्यात पर्मनंट नोकरी, पीएफ, ईएसआय मिळाला तर दहातले आठ जण आनंदाने घेतील आणि त्यात कमीपणा काय? नेत्यांना नोकऱ्या तयार करता येत नाहीत म्हणून उद्योजक व्हा असं सांगतात, जबाबदारी झटकायचा सोपा रस्ता आहे हा.

सातपूरचा_टर्नर
सर, दहातले आठ हा आकडा तुमचा अंदाज असेल. माझ्याकडे दोन पोरं आहेत, दोघांनी मोठ्या कंपनीत कंत्राटी काम केलंय, ठरावीक महिन्यांनी ब्रेक आणि परत रस्त्यावर. दोघंही म्हणतात स्वतःचं मशीन घ्यायचंय. त्यांना नोकरीच बरी असं मी कुठल्या तोंडाने सांगू? तुम्ही म्हणता ती पर्मनंट नोकरी त्यांना कोणी देतच नाही.

मोहाडीवाल्या दादांना एवढंच म्हणतो, युरोपला माल गेला तो तपासणीच्या जोरावर हे खरं, पण अपेडाची (शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची) रेसिड्यू, म्हणजे औषधांच्या अंशांच्या तपासणीची व्यवस्था सरकारनेच उभी केली ना? कोणीतरी दार उघडलं तेव्हाच तुम्ही आत गेलात. लिज्जतच्याही आजूबाजूला मुंबई होती, माल खपायला अख्खं शहर होतं. सुरगाण्याच्या बाईला ते शहर कोण देणार?

लासलगाव_मार्केट
दार उघडायचं राहू द्या, बंद करणं थांबवा. 2023 च्या ऑगस्टमध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावलं, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद, ती उघडली 2024 च्या मे महिन्यात, ती पण टनाला 550 डॉलरच्या किमान दराच्या अटीवर आणि शुल्क तसंच. ज्या पोरांनी निर्यातीच्या भरवशावर कांदा साठवायच्या चाळी बांधल्या, ग्रेडिंगचं शेड टाकलं, त्यांनी काय करायचं? आम्हाला नेता गिऱ्हाईक आणून नको देऊ, आम्ही शोधलेलं गिऱ्हाईक तोडू नको. त्यात मी मोहाडीवाल्यांच्या बाजूने.

मोहाडी_परिसर
लासलगावकर, शंभर टक्के. आणि पेठच्या ताई, मजुरांचा मुद्दा मला लागलाय, त्यात खोटं काही नाही. पण तारणाचा प्रश्न एकट्याने सुटणार नाही, पट्टेधारकांनी शेतकरी कंपनी काढली तर कर्ज कंपनीच्या नावावर मागता येतं, जमीन गहाण ठेवायची गरजच नाही, सरकारची क्रेडिट गॅरंटी योजना त्यासाठीच आहे. ते तुमचं तुम्हीच करावं लागेल, आम्ही हिशेब आणि पॅकिंग शिकवायला येऊ.

पेठची_लेक
शिकवायला या, नक्की या. पण कंपनी काढायला भागभांडवल लागतं आणि ते आम्ही तुमच्याच बागेतल्या मजुरीतून जमवणार आहोत, तर या सीझनला रोज किती देताय त्यावरही बसून बोलू.

गटाची_अध्यक्षा (नाशिकरोड)
मी एक व्यवहाराचं विचारते. 2027 चा कुंभ तोंडावर आलाय, लाखो माणसं जेवणार, चहा पिणार. भाकरी, पिठलं, नागलीचे लाडू हे आमचे गट देऊ शकतात. पण कंत्राटात मागच्या तीन वर्षांच्या मोठ्या टर्नओव्हरची अट घातली तर एकही गट बसणार नाही. मेळाव्यात येणाऱ्या प्रत्येक नेत्याला हे विचारायचं मी ठरवलंय: गटांसाठी वेगळी छोटी कामं काढणार का आणि बिल किती दिवसांत देणार, लेखी सांगा. पुढच्या मेळाव्याला माझ्यासोबत कोण कोण येतंय?

सातपूरचा_टर्नर
मी येतो. 45 दिवसांच्या कायद्याची झेरॉक्स घेऊन येतो.

अर्थशास्त्र_शिकवतो
मीही येतो, पण भाकरी थापणाऱ्या बायांची मजुरी किती धरणार हे मी विचारणार, तुम्हाला आवडलं नाही तरी.