मदत हवी आहे: वाई ते पाचगणी, पसरणी घाटातून रोज सायकलने कामावर जायचं आहे

नमस्कार मंडळी,

मी वाईत राहते आणि पाचगणीतल्या एका निवासी शाळेच्या कार्यालयात काम करते. सकाळी नऊला हजर व्हायचं, संध्याकाळी पाचला सुट्टी. इतकी वर्षं एसटीने किंवा सहकाऱ्यांच्या गाडीतून जात आले. दिवाळीनंतर हा प्रवास सायकलने सुरू करायचा आहे. घाटात नियमित सायकल चालवणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावं.

रस्ता माहीत नसलेल्यांसाठी थोडं सांगते. वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७२० मीटरवर, पाचगणी १,२९० च्या आसपास. अंतर १२-१३ किलोमीटर. गावातून बाहेर पडलं की पसरणीपर्यंत (शाहीर साबळ्यांचं गाव) फारसं काही जाणवत नाही, खरा चढ त्यानंतर. मग दांडेघरच्या नाक्यापर्यंत उसंत अशी नाहीच. पण त्या चढावर सगळं खोरं पायाखाली येतं. खाली वाईची शेतं, कृष्णेचं पात्र, धोम धरणाचं पाणी, त्यामागे कमळगड आणि पलीकडे पांडवगड. एसटीच्या खिडकीतून हे तुकड्यातुकड्यात दिसतं, आणि चांगलं दिसायला लागलं की नेमकं वळण येतं. सुट्टीच्या दिवशी पहाटे मी सायकलने वर जाऊन आले आहे. थांबत थांबत गेले, दमलेही. पण त्या दिवसभर जो उत्साह होता तो मला रोज हवा आहे. व्यायाम, पेट्रोलची बचत वगैरे सगळं खरंच, तरी मुख्य कारण हा रस्ता आहे.

आता अडचणी. माझी सायकल साधी हायब्रीड आहे (रस्त्यावरची आणि डोंगरातली यांच्या मधला प्रकार). पुढे पायडलजवळ तीन चेनव्हील (४२, ३४ आणि २४ दात्यांची), मागच्या चाकाला सात गियरचं फ्रीव्हील (दात्यांच्या चक्रांचा गठ्ठा), त्यातलं सर्वांत मोठं चक्र २८ दात्यांचं. ब्रेक रिमचेच (चाकाच्या धातूच्या कडीवर दाबणारे), डिस्क नाहीत. सर्वांत हलक्या गियरवरही शेवटच्या टप्प्यात गुडघ्यांवर ताण येतो. नवी सायकल घ्यावी, की याच सायकलीत बदल करावा? बॅटरीवाली घ्या असंही बरेच जण सुचवतात. तिचा घाटात खरंच उपयोग होतो का?

दुसरी काळजी उताराची, आणि ती चढापेक्षा मोठी आहे. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि घाट डोंगराच्या पूर्व अंगाला असल्यामुळे ऊन त्याआधीच सरतं. शुक्रवारी संध्याकाळी तर पर्यटकांच्या गाड्यांची रांग वर येत असते. वळणावर ओव्हरटेक करणारे कमी नाहीत. सासूबाईंनी माझ्या हौसेला कधी नाही म्हटलेलं नाही, पण अंधारात घाट उतरायचा म्हटल्यावर त्या गप्प झाल्या. त्यांना नीट उत्तर देता यावं अशी तयारी मला करायची आहे.

पावसाळ्यात काय करायचं हेही सांगा. आणि बायकांनी विशेष सांगावं: दीड तास घाम गाळून कार्यालयात नीटनेटकं कसं पोहोचता? आमच्याकडे न्हाणीघर आहे, पण सकाळी ते मुलांच्या वापरात असतं.

---

प्रतिसाद (साताऱ्याहून)

ताई, नक्की जमेल. मी काही वर्षं साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कामाला जात होतो, त्या अनुभवावरून लिहितो.

आधी गियर. नवी सायकल घेऊ नका. तुमचं २४ चं चेनव्हील छान आहे, मागचं फ्रीव्हील तेवढं बदला. सात गियरचंच पण सर्वांत मोठं चक्र ३४ दात्यांचं असलेलं मिळतं. आत्ता सर्वांत हलक्या गियरवर पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण १.८ मीटर पुढे जाते, मग दीड मीटर जाईल. म्हणजे पायाला जवळपास अठरा टक्के हलकं. फक्त मागचा डिरेलर (गियर बदलताना चेन सरकवणारा भाग) ३४ दाते पेलतो का हे मिस्त्रीकडून आधी तपासून घ्या, नाही तर तोही बदलावा लागेल. चेन जुनी असेल तर फ्रीव्हीलबरोबर नवी टाका, जुनी चेन नव्या दात्यांवर घसरते. आणि सीटची उंची बघा. गुडघेदुखीचं कारण बहुतेक वेळा खाली ठेवलेली सीट असते. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला हवा.

चढताना सुरुवातीला जोर लावू नका. पसरणीपर्यंत मुद्दाम सावकाश जा. बोलता येईल इतकाच दम लागू द्यायचा. ताशी सात-आठच्या वेगाने वर पोहोचायला दीड-पावणेदोन तास धरा, पुढे महिन्याभरात वेळ कमी होईल. सॅक पाठीवर अजिबात नको, मागच्या कॅरिअरला पिशवी लावा. पाठ मोकळी राहिली की निम्मा घाम कमी.

उतारावर रिमचे ब्रेक सतत दाबून ठेवले की रिम तापते. कडक तापली तर ट्यूब फुटू शकते. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक दाबून वेग पाडायचा, वळणात ब्रेक सोडून जायचं, सरळ भागात रिमला वारा लागू द्यायचा. पुढच्या ब्रेकला घाबरू नका, थांबवण्याची खरी ताकद त्यातच असते, फक्त झटक्याने दाबू नका. ब्रेक शू (ब्रेकचे रबर) दर आठवड्याला बघा. त्यात खडीचा कण अडकला तर रिम खरवडते. कडेला दबून चालवू नका, कारण वाळू आणि डोंगरावरून आलेले दगड तिथेच असतात. कडेपासून हातभर आत राहा. मागच्या गाडीलाही तुम्ही लांबून दिसता.

---

प्रतिसाद (पुण्याहून)

बॅटरीवाल्या सायकलीबद्दल. २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा असेल तर नोंदणी लागत नाही. या घाटासाठी बॅटरी पुरेल, ती अडचण नाही. अडचण मोटरची. स्वस्त सायकलींत मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात असते, आणि लांब चढावर चाक सावकाश फिरत राहिलं की ती तापते आणि ताकद कमी करते. क्रँकजवळ (पायडलच्या दांड्यांपाशी) मोटर असलेली सायकल घाटात उत्तम चालते, पण किंमत बरीच जास्त. वर वजन वीस किलोच्या पुढे, बॅटरी संपली की चढाला ढकलत न्यावी लागेल. आधी वरच्या दादांनी सांगितलेला बदल करून बघा.

---

प्रतिसाद (महाबळेश्वरहून)

ताई, पावसाबद्दल स्पष्ट सांगते. जुलै-ऑगस्टमध्ये सायकल घरीच ठेवा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, वाईत त्याच्या पाव हिस्साही नाही. त्यामुळे वाईतून निघताना आभाळ नुसतं भरलेलं असतं आणि अर्ध्या घाटात समोरचं दिसेनासं होतं. त्यात दरडीची भीती. धुक्यात प्रखर दिवा उलट डोळ्यांवर येतो, म्हणून पुढचा दिवा खाली वळवलेला आणि मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. अंगात चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट हवंच. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, म्हणून वळणाच्या बऱ्याच आधी हलकेच दाबून पाणी पुसून घ्यायचं.

कपड्यांचं सोपं आहे. सोमवारी एसटीने जाऊन आठवड्याचे कपडे आणि चपला कार्यालयात ठेवा. सायकलवर सुती कुडता नको, तो ओला होऊन अंगाला चिकटतो. लवकर वाळणारा टीशर्ट घाला. पोहोचल्यावर दहा मिनिटं बाहेर सावलीत उभं राहून घाम जिरू द्या, मग ओल्या पंचाने अंग पुसा. लगेच कपडे बदलले तर नव्या कपड्यांतही घाम येतो. परत येताना वाऱ्याचं जॅकेट विसरू नका. हिवाळ्यात उतरताना बोटं गारठली तर ब्रेक दाबता येत नाही, म्हणून पूर्ण बोटांचे हातमोजे घ्या.

शुक्रवारी संध्याकाळी मात्र एसटी. सायकल शाळेत ठेवा, सोमवारी संध्याकाळी तीच घेऊन उतरा.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. शुक्रवारचा उपाय मला सुचलाच नव्हता, सासूबाईंना तो लगेच पटला. सीट खरोखरच खाली होती, आज दोन बोटं वर घेतली.

ठरवलं ते असं: फ्रीव्हील आणि चेन बदलायची, दोन दिवे आणि जॅकेट घ्यायचं, सुरुवातीला आठवड्यातून दोनच दिवस जायचं. वरिष्ठांना विचारून थंडीत साडेचारला निघता येतं का तेही बघते.

एकच राहिलं. फ्रीव्हील काढायला वेगळं अवजार लागतं असं इथले मिस्त्री म्हणाले आणि त्यांच्याकडे ते नाही. हे काम साताऱ्यात कुठे होतं, की सायकल पुण्यालाच न्यावी लागेल? आणि सायकल एसटीने न्यायची झाल्यास कशी नेतात? जुन्या गाड्यांना टपावर कॅरिअर आणि मागे शिडी असायची, आता तशा गाड्या कमी दिसतात. अलीकडे कुणी नेली असेल तर कृपया सांगा.