बुकिंगच्या लिंकवर उपलब्ध वेळांचे नियम कसे लावता? सल्ला हवा आहे

सायली_नोंद:
नमस्कार. मी समुपदेशक आहे, एकटीच काम करते. आधी सगळ्या वेळा फोनवर ठरायच्या, गेल्या महिन्यापासून बुकिंगची लिंक देते, त्यावर लोक स्वतःच मोकळी वेळ निवडतात. सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ५ ते ८ अशा वेळा टाकल्या, सेशन ४५ मिनिटांचं. बाकी सेटिंग्जना हात लावला नाही.

परवा संध्याकाळी ५, ५:४५, ६:३०, ७:१५ असे चौघे पाठोपाठ आले. चौथी व्यक्ती बोलत होती आणि माझ्या डोक्यात तिसऱ्याचंच घोळत होतं. माझ्या कामात हे चालत नाही, ते अजून मनाला लागून आहे. काल कुणीतरी ९:४० ला बसून १० ची वेळ घेतली. शिवाय पुढच्या शुक्रवारी मी सुट्टी टाकली आहे, तरी त्या दिवशी दोन बुकिंग आली!

सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं हे विचारत नाहीये. नियम काय लावता, ते सांगा.

उंबरठा:
सुट्टी कॅलेंडरवर ‘पूर्ण दिवस’ अशी टाकलीत का? गूगल कॅलेंडर असेल तर पूर्ण दिवसाची नोंद आपोआप ‘फ्री’ धरली जाते. तुम्हाला ती दिसते, पण बुकिंगच्या लेखी दिवस मोकळाच. नोंद उघडून ‘बिझी’ करा. आलेली दोन बुकिंग मात्र त्याने जाणार नाहीत, त्या दोघांना आजच कळवा.

पूर्वा_क:
पाठोपाठच्या सेशनला उपाय म्हणजे बफर, दोन सेशनमधली राखीव मोकळी वेळ. सेशननंतर १५ मिनिटं ठेवा. पण नुसतं बफर लावून थांबू नका, मी तिथेच फसले होते.

‘दर किती मिनिटांनी स्लॉट सुरू व्हावा’ अशी एक वेगळी सेटिंग असते. माझी ३० वर होती. म्हणजे लिंकवर ५, ५:३०, ६, ६:३० अशा वेळा दिसायच्या. आता समजा पहिल्याच माणसाने ५:३० घेतले. सेशन ६:१५ ला संपतं, बफर ६:३० पर्यंत. पुढचा ६:३० ते ७:१५. त्यानंतर ७:३० ला सुरू केलं तर ८ च्या पुढे जातं, म्हणून ती वेळ दिसतच नाही. ५ ची वेळ तर ५:३० मुळे आधीच गेली. तीन तासांत दोनच सेशन! मला वाटायचं मागणीच कमी आहे.

ती सेटिंग ६० करा. ५, ६, ७ अशा तीनच वेळा दिसतील आणि तिन्ही भरू शकतील. सेशन आणि बफर मिळून जेवढं होतं तेवढंच अंतर, हा हिशेब कुठल्याही कामाला लागू पडतो.

सायली_नोंद:
पूर्वाताई, हे कुणी इतकं उलगडून सांगितलं नव्हतं. त्या १५ मिनिटांत माझी टिपणंही लिहून होतील. आणि ऐनवेळच्या बुकिंगचं? २४ तास आधी असा नियम लावू?

पूर्वा_क:
हो, मी २४ च ठेवते.

दिवेलागण:
मी इथे असहमत आहे. समुपदेशनात माणूस कधी कधी आदल्या रात्री धीर गोळा करतो आणि लिंक उघडतो. त्याला ‘परवापर्यंत काही नाही’ दिसलं, तर तो पुन्हा येईलच असं नाही. मी १२ तास ठेवते. रात्री ९ ला बुक केलं तर सकाळी १० ची वेळ मिळते, आणि मला उठल्यावर दिवस कळलेला असतो. शिवाय आठवड्यातला एक तास लिंकवर टाकतच नाही, तो फोन करणाऱ्यांसाठी.

पुढची मर्यादाही लावा, चार आठवडे पुरे. मी मोकळी सोडली होती, तर लोक तीन महिने पुढचं बुक करून विसरायचे.

मध्यान्ह:
परदेशातले कुणी येत असतील तर टाइम झोन शहराच्या नावाने निवडा, ‘+५:३०’ अशा अधिक-उण्याच्या आकड्याने नको; आकडा घड्याळाच्या बदलाबरोबर बदलत नाही. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. तुमच्याकडे घड्याळ बदलत नसेल तर तुमची ७ ची वेळ ७ च राहते, पण त्यांच्या घड्याळात ती तासाने पुढे सरकते. दर आठवड्याला येणाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

उंबरठा:
राहिलंच. फोनवर ठरलेली वेळ तेव्हाच कॅलेंडरवर टाका, घरचं वेगळं कॅलेंडर असेल तर लिंक ज्या कॅलेंडरांवर मोकळी वेळ तपासते त्यांत तेही जोडा. वहीतलं लिंकला दिसत नाही. आणि सगळं झालं की ब्राउझरच्या प्रायव्हेट विंडोतून, म्हणजे लॉग-इन नसलेल्या अनोळखी माणसासारखं, स्वतः एक बुकिंग करून बघा.

सायली_नोंद:
सगळं बसवलं. बफर १५, स्लॉट दर ६० मिनिटांनी, १२ तास आधी, चार आठवडे पुढे. बुधवारचा १२ चा तास लिंकवरून काढला. शुक्रवारच्या दोघांना फोन केला, दोघांनीही समजून घेतलं. आत्ता लिंक उघडून पाहिली: सोमवारी ५, ६, ७. शुक्रवार कोरा.