महेश्वरला पाच दिवसांचे निसर्गचित्रण शिबिर: महिनाभरात तयारी कशी करावी?

पागनीसपागा

नमस्कार मंडळी. बँकेतून निवृत्त होऊन मला चार वर्षे झाली आणि तेव्हापासून मी घरी जलरंगांत काम करते आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात महेश्वरला पाच दिवसांचे निसर्गचित्रण शिबिर आहे आणि उत्साहाच्या भरात मी त्यात नाव नोंदवून बसले आहे. अडचण अशी, की आजवरचे माझे जवळजवळ प्रत्येक चित्र फोटोवरून, जेवणाच्या टेबलावर बसून केलेले आहे. एकदाच पिपल्यापाळ्याच्या तळ्यावर प्रत्यक्ष बसले होते. आकाश मनासारखे होण्यातच तासभर गेला, आणि झाडे रंगवून उठले तेव्हा लक्षात आले, की निम्म्या झाडांच्या सावल्या एका दिशेला आणि उरलेल्यांच्या भलत्याच दिशेला पडल्या आहेत.

आयोजकांनी पाठवलेल्या यादीत चोवीस रंग, आठ ब्रश, इझल (चित्र टेकवायची घोडी), घडीची खुर्ची, छत्री असे पुष्कळ सामान आहे. हे सगळे खरोखर लागते का? कागद केवढा घ्यावा? इंदूरमध्येच राहून महिनाभर कोणता सराव करावा? माझी कंबर फार वेळ वाकून बसू देत नाही, आणि मागे कोणी उभे राहून पाहू लागले की माझा हात अडतो, हेही आत्ताच सांगून टाकते.

रामबागचा जुना विद्यार्थी

ताई, सामानाचा विचार शेवटी करू, कारण शिबिरात चित्र बिघडते ते सामान कमी पडल्यामुळे नव्हे, तर कुठे बसायचे आणि किती वेळात थांबायचे हे न ठरवल्यामुळे.

सूर्य दर तासाला पंधरा अंश सरकतो, म्हणजे आपण दोन तास बसलात तर प्रकाशाची दिशा तीस अंशांनी बदललेली असते. म्हणून बसल्याबरोबर पहिल्या दहा मिनिटांत, पोस्टकार्डाएवढ्या चौकटीत, फक्त पेन्सिलने काळा, करडा आणि पांढरा असे तीनच टोन भरून घ्यावेत, आणि त्यानंतर सावली कितीही सरकली तरी त्या लहान चित्रालाच प्रमाण मानावे. पिपल्यापाळ्याला आपण समोरच्या सावलीचा पाठलाग करत राहिलात, एवढेच चुकले.

महेश्वरची जागाही समजून घ्या. तिथे नर्मदा पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते आणि किल्ला व घाट उत्तर तीरावर आहेत, म्हणजे किल्ल्याचे तोंड दक्षिणेला. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडूनच फिरतो आणि भर दुपारीसुद्धा पंचेचाळीस अंशांच्या आसपासच चढतो, त्यामुळे ती भिंत दिवसभर उजेडात असते. मात्र उजेडात असणे आणि चित्राला उपयोगी असणे यांत फरक आहे. बाराच्या सुमारास ऊन समोरून पडते आणि बुरूज, कमानी, सज्जे सगळे सपाट दिसू लागतात. सकाळी नऊपर्यंत आणि दुपारी साडेतीननंतर तेच ऊन कडेने येते, तेव्हा प्रत्येक बुरुजाला एक उजळ आणि एक अंधारी बाजू मिळते, आणि घाटाच्या पायऱ्यांवर तर उजेडाच्या व सावलीच्या पट्ट्या अशा काही पडतात की पेन्सिलच्या रेषांची गरज उरू नये.

सकाळी घाटावर पूर्वेकडे तोंड करून बसलात तर नावा आणि देवळांची शिखरे काळसर आकृतींसारखी दिसतील आणि पाणी चमकेल. नवख्या माणसाला हे चित्र सोपे जाते, कारण त्यात तपशील आपोआप गळतो. एक दिवस नावेतून पलीकडे नावडातोडीच्या बाजूला जा. तिथून अख्खा किल्ला एका पट्टीत दिसतो आणि तोंड उत्तरेकडे असल्याने दुपारी आपल्याच अंगाची सावली कागदावर पडते, मग छत्रीची गरज नाही.

सरावासाठी आठवड्यातून दोनदा इंदूरच्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर, म्हणजे होळकरांच्या स्मारकांवर, जा. दगडी कोरीव काम, पायऱ्या, खाली नदी, असे महेश्वरला जे भेटणार ते लहान प्रमाणावर तिथे आहे. घड्याळ लावून पंचेचाळीस मिनिटांचे एक चित्र करायचे आणि वेळ संपली की अर्धे असले तरी उठायचे.

स्नेहलतागंज

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे, पण सामानाचा प्रश्न इतका शेवटी ढकलण्यासारखा नाही, कारण घाटाच्या पायऱ्या ते सामान घेऊन आपल्यालाच चढाव्या-उतराव्या लागतात.

कागद ३०० ग्रॅमचा, शक्यतो पूर्ण सुती, आणि आकार ११ × १५ इंच. पूर्ण ताव २२ × ३० इंचांचा मिळतो, त्याचे चार तुकडे होतात, म्हणजे चार ताव घेतले की सोळा चित्रांची सोय झाली. ब्रश तीन पुरेत: बारा नंबरचा गोल, एक इंची चपटा आणि दोऱ्या-फांद्यांसाठी एक बारीक. इझल मी नेत नाही. हलका बोर्ड मांडीवर घ्यावा आणि पुढच्या कडेखाली रंगांची पेटी सरकवावी, म्हणजे वॉश (पाणीदार रंगाचा पातळ थर) खाली ओघळायला हवा तेवढा उतार मिळतो. आपल्या कंबरेसाठी मात्र पाठ टेकता येईल अशी खुर्ची न्या आणि दर वीस मिनिटांनी उठून सहा पावले मागे जा. पाठही सुटते आणि चित्र लांबून दिसते.

माझी फजिती सांगते. पहिल्याच वर्षी मी बोर्ड पायरीला टेकवून पाणी बदलायला गेले, आणि परत येईपर्यंत वाऱ्याच्या एका झोताने तो पालथा पडला होता. ओले आकाश दगडावर उमटले होते आणि दगडावरची वाळू आकाशात. तेव्हापासून बोर्डाला कपडे वाळवायचे चार चिमटे आणि पिशवीत अर्धा किलो वजन होईल इतके गोटे, हे माझे कायमचे सामान आहे.

लोक पाहतात, त्याला इलाज नाही. भिंतीला किंवा खांबाला पाठ लावून बसले, की मागे उभे राहायला जागाच उरत नाही.

रेवातीर

रंगांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. चोवीस रंग मुळीच नेऊ नयेत. अल्ट्रामरीन (गडद निळा), सेरुलियन (आकाशी निळा), यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), एक थंड, म्हणजे निळ्याकडे झुकणारा लाल आणि एक लिंबाकडे झुकणारा पिवळा, असे सहा रंग पुरतात. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना कमीजास्त मिसळले, की जुन्या दगडाचे उबदार आणि थंड असे दोन्ही करडे रंग मिळतात. ट्यूबमधला काळा वापरला तर सावली मेल्यासारखी दिसते.

आता फोटोविषयी. बसताक्षणी एक फोटो काढून ठेवण्यात काही गैर नाही, फक्त तो रंगवताना उघडू नये. कॅमेरा सावल्या काळ्या करतो आणि आकाश पांढरे, आणि चार वर्षे फोटोवरून काम केलेल्या माणसाच्या डोळ्यांना तीच सवय लागलेली असते. प्रत्यक्षात सावलीच्या आत किती उजेड असतो, पायरीवरून उसळलेला, पाण्यावरून परतलेला, हे पाहायलाच तर आपण तिथे जातो.

आपल्या गावाला या कामाची परंपराही आहे. द. दा. देवळालीकरांनी १९२७ साली इंदूरात कलाशाळा सुरू केली, चित्रकार ना. श्री. बेंद्रे तिथलेच विद्यार्थी, आणि चित्रकार डी. जे. जोशी तर जन्माने महेश्वरचे. त्यांची निसर्गचित्रे कुठे पाहायला मिळाली तर विषयाकडे न पाहता एवढेच पाहा, की त्यांनी काय काय गाळले आहे.

पागनीसपागा

सर्वांची मनापासून आभारी आहे. रविवारी सकाळी आठ वाजता कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर गेले. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली म्हणजे, पहिला वॉश वीस मिनिटे झाली तरी वाळेना आणि त्यावर कळस काढायला गेले तर तो फुलून ढगासारखा झाला. दुसरी अधिक चमत्कारिक आहे: तिथे उन्हात चित्र चांगले उजळ वाटत होते, पण घरी येऊन भिंतीला लावले तर सगळे काळवंडलेले. रंग तेच, कागद तोच.

रामबागचा जुना विद्यार्थी

दुसऱ्याचे कारण असे, की आपण कागद उन्हात धरला होता. उन्हात पांढरा कागद डोळे दिपवतो, त्यावर लावलेला प्रत्येक रंग फिका वाटतो, म्हणून हात नकळत गडद रंग उचलत जातो. कागद संपूर्ण सावलीत असावा. अर्धा उन्हात, अर्धा सावलीत हा तर सर्वांत वाईट प्रकार. छत्री घ्यायचीच असेल तर पांढरी किंवा करडी घ्या, कारण रंगीत छत्री आपला रंग कागदावर सांडते. गॉगल तर पेटीतच राहू द्या.

वॉशचा दोष आपला नाही. हिवाळ्यातल्या सकाळी गारवा आणि दव असते, तेव्हा ब्रशमध्ये पाणी निम्मे ठेवावे, आणि पहिला वॉश वाळेपर्यंत शेजारी दुसऱ्या कागदावर पेन्सिलचे टोन काढत बसावे. हाताची पालथी बाजू कागदाला लावून पाहा. गार लागला तर आत अजून ओल आहे, ब्रश टेकवू नका. विंध्याचा डोंगरघाट उतरून निमाडात, म्हणजे महेश्वरच्या बाजूला, गेलात की दुपारी याच्या उलट होईल, कारण तिथे इंदूरपेक्षा ऊबही जास्त आणि नदीवर वाराही असतो. आकाश अर्धे होण्याआधीच कडा वाळू लागतील. त्यासाठी पाणी फवारायची लहान बाटली न्या आणि पुढचा रविवारचा सराव सकाळी न करता दुपारी दोन वाजता करा.

पागनीसपागा

दोनला जाते. कळसाचा ढग झालेले ते चित्र फाडणार होते, पण ठेवले आहे. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर टोन काढता येतील.