काचेचं 'डोपिंग': मराठीत काय म्हणावं?

एका लेखाच्या भाषांतरात 'काचेच्या पृष्ठभागाचं धातूच्या आयनांनी डोपिंग' असं आलंय. डोपिंग म्हटलं की खेळाडू आणि उत्तेजकंच आठवतात. 'भेसळ' लिहू का?

— भेसळ नको, त्यात फसवणूक आली. इथे आयन (विद्युतभार असलेले अणू) मुद्दाम, मोजूनमापून घालतात. अर्धवाहकांच्या संदर्भात 'अपद्रव्य' वापरतात, पण त्यातला 'अप' मला कायम खटकतो. ज्याच्यामुळे वस्तू कामाची होते तेच अपद्रव्य!

— मग 'मुलामा'?

— मुलामा वरवर बसतो, खरवडला की जातो. इथे सोडियम असलेली काच वितळलेल्या सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवून ठेवतात (ते २१२ अंश सेल्सिअसला वितळतं). काचेतले सोडियमचे आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी चांदीचे आत शिरतात. एक बाहेर तर एक आत, विद्युतभाराचा हिशेब चोख. काही मायक्रोमीटर जाडीचा थर असा बदलला की तिथला अपवर्तनांक (आमच्या वेळचा वक्रीभवनांक, म्हणजे प्रकाश काचेत शिरताना किती वळतो त्याचं माप) वाढतो आणि प्रकाश त्या थरातच कोंडून पुढे नेता येतो. दुप्पट खोल जायचं तर साधारण चौपट वेळ लागतो. म्हणून मी 'मुरवणे' सुचवेन. पाणी जमिनीत मुरतं तसं.

— 'पाणी मुरतंय' म्हटलं की वाचकाला आधी संशय येणार! शिवाय मुरण्यात कोणी बाहेर पडल्याचं कळत नाही. 'आयन विनिमय' हा शब्द आहेच की.

— आहे, पण तो प्रक्रियेपुरता. फोनच्या काचेतही सोडियमच्या जागी पोटॅशियम घालतात, तेही विनिमयानेच. तिथे हेतू बळकटीचा असतो: मोठे आयन दाटीवाटीने बसतात, पृष्ठभाग दाबाखाली राहतो आणि तडा सहज जात नाही. त्याला सहसा डोपिंग म्हणत नाहीत.

— आणि काही प्रकाशीय तंतूंत (ऑप्टिकल फायबरमध्ये) अर्बियम हा धातू असतो, तो तंतू बनण्याआधीच काचेत घातलेला. तिथे 'मुरवणे' चालणार नाही, 'अर्बियमयुक्त' बरं.

— एक गंमत. 'डोप' हा शब्द इंग्रजीत डच भाषेतून आला. मूळ अर्थ काहीतरी बुडवून घ्यायचा दाट रस, आणि तोही 'बुडवणे' या क्रियापदावरून. म्हणजे काच बुडवणारे नकळत व्युत्पत्तीलाच धरून आहेत.

— छान! मग प्रक्रियेला 'आयन विनिमय', परिणामाला 'चांदीचे आयन मुरवलेली काच', आणि 'डोपिंग' पहिल्यांदा एकदाच कंसात. 'भेसळ' खोडली.