टायरस वाँग फक्त बॅकग्राउंड आर्टिस्ट नव्हता
टायरस वाँगबद्दल एवढंच लिहिलेलं वाचलं की तो ‘बॅम्बी’ या डिस्नेच्या १९४२च्या ॲनिमेशन पिक्चरचा एक बॅकग्राउंड आर्टिस्ट, म्हणजे पात्रांमागची दृश्यं रंगवणारा. पडद्यावर नाव तसंच येतं, पण मला ते अजिबात पटत नाही. १९३८ला डिस्नेत लागला तो इनबिटवीनर म्हणून, म्हणजे दोन मुख्य ड्रॉइंगच्या मधली ड्रॉइंग भरत बसायचं, आणि तिथून त्याने आपणहून जंगलाची छोटी छोटी चित्रं काढून दाखवली, पान न् पान न काढता नुसतं धुकं आणि उजेड, जुन्या चिनी निसर्गचित्रांसारखं, त्यावरून अख्ख्या पिक्चरचा लूक ठरला. आणि पिक्चर लागायच्या आधीच, डिस्नेतल्या कलाकारांच्या १९४१च्या संपानंतर, त्याला काढलं!

अजून एक गोष्ट. १९२०ला तो वडलांबरोबर चीनमधून अमेरिकेत आला तेव्हा चिनी मजुरांना बंदी होती, म्हणून खोट्या नावाची कागदपत्रं, आणि एंजल आयलंडवर, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बेटावर जिथे बाहेरून येणाऱ्यांची तपासणी व्हायची तिथे, एवढ्याशा पोराला वडलांपासून वेगळं ठेवलेलं. आई मागे राहिली ती पुन्हा कधी भेटलीच नाही. शाई परवडायची नाही म्हणून वडील त्याच्याकडून जुन्या वर्तमानपत्रावर पाण्यात ब्रश बुडवून अक्षरं गिरवून घ्यायचे, वाळलं की गेलं. कमीत कमी फटकाऱ्यांत चित्र उभं करायची सवय मला तरी तिथलीच वाटते.