मदत हवी आहे: पुरात दुकान गेलं, विमा कंपनी कमी रकमेवर सही मागतेय

राजापूरच्या बाजारपेठेत बाबांचं किराणा दुकान आहे. अर्जुना-कोदवली नद्यांचं पाणी जवाहर चौकात शिरणं आम्हाला नवीन नाही, म्हणून आगीबरोबर पुराचाही विमा दर वर्षी न चुकता भरतो. गेल्या पावसाळ्यात रात्रीत पाणी काउंटरच्या वर चढलं. सकाळी शटर उघडलं तर साखरेची पोती नुसती रिकामी लोंबत होती, साखर विरघळून गेलेली. बिलबुकं लगदा झाली. आईने एकेक पान सोडवून पंख्याखाली वाळवलं, तरी निम्म्यावरची शाई गेलीच.

आम्ही 6 लाख 40 हजारांचा क्लेम केला. सर्वेअर (नुकसानीचा अंदाज घेणारे) तिसऱ्या दिवशी आले, वीस मिनिटं थांबले. आता चार महिन्यांनी कंपनी 1 लाख 85 हजार देते म्हणते. कारण काय, तर ‘साठ्याचा पुरावा अपुरा’ आणि ‘माल वेळीच हलवला नाही’. मध्यरात्री, वीज नसताना, साठीचा माणूस पोती कुठे हलवणार? सोबत ‘पूर्ण व अंतिम समाधान’ असा छापील फॉर्म आहे. सही केली तरच पैसे, असं फोनवर सांगतात. व्यापाऱ्यांची देणी थकली आहेत, त्यामुळे बाबा सही करायला निघालेत. करू द्यावी का?

उत्तर: ताई, आज सही नको. मी बरेच क्लेम जवळून पाहिलेत. आधी सर्वे रिपोर्टची प्रत लेखी मागा. सर्वेअरचा अहवाल हा शेवटचा शब्द नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये स्पष्ट केलंय. दबावाखाली घेतलेल्या सहीने हक्क संपत नाही, हेही त्याच न्यायालयाने 1999 मध्ये म्हटलंय, पण दबाव होता हे सिद्ध आपल्यालाच करावं लागतं. म्हणून फोनवरची धमकी मेलवर लिहून घ्या: ‘आपण आज असं म्हणालात, खरं का?’

दुकानावर कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावर बँकेचं खेळतं कर्ज, आहे का? असेल तर बँकेला दरमहा दिलेलं स्टॉक स्टेटमेंट (साठ्याचं पत्रक) हाच सगळ्यात भक्कम पुरावा. होलसेलवाल्यांकडून बिलांच्या प्रती घ्या, जीएसटीचा तपशील काढा. मालाच्या किमतीपेक्षा विमा कमी रकमेचा होता म्हणून कपात केली असेल तर तेही तपासा. ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही छोट्या धंद्यांची पॉलिसी असेल तर 15 टक्क्यांपर्यंतची तफावत धरली जात नाही.

मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणारे अधिकारी. रत्नागिरी जिल्हा पुण्याच्या लोकपालांकडे येतो. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचा दावा चालतो, पण कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जायला हवं. ग्राहक आयोगात दोन वर्षं मिळतात, आणि फी क्लेमवर नाही, भरलेल्या हप्त्यावर ठरते, 5 लाखांपर्यंत शून्य. मात्र आयोगात केस दाखल केली की लोकपाल तक्रार घेत नाहीत, तेव्हा आधी लोकपालच बघा.

मूळ लेखिका: दादा, बाबा थांबलेत. कॅश क्रेडिट आहे, स्टॉक स्टेटमेंट मागायला सोमवारी बँकेत जाते. भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं ती रेघ अजून दिसते. रंग द्यायच्या आधी टेप लावून फोटो काढून ठेवू का?