जुन्या कापडी बांधणीच्या पुस्तकातून किंडलचं कव्हर करायचंय, सल्ला हवा

पानोपानी_पुणे
नमस्कार मंडळी,
माझ्याकडे २०२१ चं किंडल पेपरव्हाइट (ई-पुस्तकं वाचायचं यंत्र) आहे, ६.८ इंची. त्याला बाजारातलं रेक्झिनचं कव्हर घालावंसं वाटत नाही. आजोबा वकील होते, त्यांचे कोर्टाच्या निवाड्यांचे जुने खंड माळ्यावर पडून आहेत. गडद हिरवं कापड, कण्यावर सोनेरी अक्षरं, पुठ्ठे अजून टणक. आतली पानं मात्र इतकी ठिसूळ झालीत की कोपरा दुमडला तर तुकडाच हातात येतो. त्यातल्या एका खंडाचं कव्हर करायचं मनात आहे.

पानं आतून कोरून खळगा करावा, की पानं काढून नुसता पुठ्ठा वापरावा? किंडल आत कशाने धरून ठेवायचं? कव्हर उघडलं की स्क्रीन आपोआप सुरू होते ती सोय घरी जमते का? आणि सामान पुण्यात कुठे मिळेल? शिवणकाम चांगलं येतं, कटर आणि स्टीलची पट्टी घरात आहे.

खळ_आणि_दोरा
पुठ्ठाच वापरा, पानं कोरू नका. वडिलांचा बाइंडिंगचा व्यवसाय होता, मीही बरीच वर्षं त्यात होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोरलेलं पुस्तक दिसायला छान, पण हातात घेऊन तासभर वाचायला जड. शिवाय तुमची पानं ठिसूळ आहेत. कडा फेव्हिकॉलने चिकटवल्या तरी आतून भुगा पडत राहील आणि तो चार्जिंगच्या भोकात जाईल. कसर लागलेली असेल तर तीही घरभर होईल.

आधी मापं घ्या. तुमचं यंत्र १७४ × १२५ मिमी, जाडी ८.१ मिमी. क्राउन आणि डेमी ही पुस्तकांची ठरलेली मापं. क्राउन आकाराच्या पुस्तकाचा पुठ्ठा त्याला अरुंद पडतो, डेमी बरोबर बसतो (साधारण २२ सेमी उंच, १४ सेमी रुंद). निवाड्यांचे खंड बहुधा डेमीपेक्षा मोठे असतात. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूचा अस्तराचा कागद ओलसर फडक्याने भिजवून काढा, कापडाची दुमड हलक्या हाताने सोडवा, पुठ्ठा हव्या त्या मापाला कापा आणि तेच कापड पुन्हा दुमडून चिकटवा. नुसता कटर मारून मोकळे झालात तर कडा उघड्या पडतील आणि महिन्याभरात कापड सुटायला लागेल.

कणा नवा करावा लागेल. जुना पाचेक सेमी रुंद असणार, तुम्हाला १२ मिमी पुरे. बाइंडिंगचं कापड घ्या, मधे कण्याची पट्टी आणि तिच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठ्यापर्यंत ७-७ मिमी मोकळी जागा सोडा. ही जागा कमी पडली तर कव्हर धड उघडणार नाही. सोनेरी अक्षरांचा तुकडा कापडासकट अलगद काढून पुढच्या पुठ्ठ्यावर लेबलासारखा लावता येतो. फार देखणं दिसतं.

आता आतली चौकट. २ मिमी ग्रे बोर्डच्या (करड्या, टणक पुठ्ठ्याच्या) पाच चौकटी कापून एकावर एक चिकटवा, म्हणजे १० मिमी झाले. तळाला १ मिमी फेल्ट (नमद्यासारखं मऊ कापड). यंत्र आत ठेवल्यावर चौकट त्याच्यापेक्षा मिलिमीटरभर उंच राहिली पाहिजे. हे मुद्दाम सांगतोय. किंडलची स्क्रीन, म्हणजे कागदासारखी दिसणारी ई-इंकची स्क्रीन, आत पातळ काचेवर बसवलेली असते आणि एका ठिकाणी दाब आला की तडकते. पिशवीतल्या डब्याचा भार चौकटीवर यावा, स्क्रीनवर नाही. खालच्या कडेला बटण आणि चार्जिंगची जागा आहे, तिथे चौकटीत चार सेमीची खाच ठेवा.

चिकटवायला कापड-कागदासाठी मैद्याची खळ, त्यात चिमूटभर मोरचूद. खळीने कापड सावकाश बसवता येतं, चुकलं तर उचलता येतं. मोरचूद विषारी असतं, त्यामुळे ते भांडं स्वयंपाकाला पुन्हा वापरू नका आणि खळ मुलांच्या हाती लागू देऊ नका. चौकटीच्या थरांना मात्र फेव्हिकॉल. मग सगळं प्लास्टिकच्या कागदात घालून रात्रभर वजनाखाली. पुठ्ठ्याला एकाच बाजूने कागद लावला तर तो वाळताना वाकतो, म्हणून आतूनही अस्तर हवंच, आणि पावसाळ्यात तर दोन दिवस वजन काढू नका.

माळ्यावरचा_ठेवा
ताई, पुठ्ठा सोडवायच्या आधी एक विनंती. आतली पानं रद्दीत घालू नका. ठिसूळ आहेत म्हणजे निकामी आहेत असं नाही. जवळच्या लॉ कॉलेजच्या किंवा बारच्या (वकिलांच्या संघटनेच्या) ग्रंथालयात विचारा, त्यांच्या संचात नेमका तोच खंड नसतो असं होतं. आणि आजोबांनी समासात शाईने टिपणं केली असतील तर ती पानं आधी स्कॅन करा. ते लेखन दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. पानांचा गठ्ठा शिलाई न तोडता नीट सुटला तर कुठलाही बाइंडर त्याला साधा पुठ्ठा चढवून देतो. तुम्हाला कव्हर मिळेल आणि पुस्तकही राहील.

खळ_आणि_दोरा
अगदी बरोबर. पुठ्ठा आणि पानं यांच्यामधल्या सांध्यावर, दोन्हीकडून, फक्त अस्तर आणि जाळीचं कापड कापायचं. फर्म्यांच्या (दुमडून शिवलेल्या पानांच्या जुड्यांच्या) दोऱ्याला पातं लागू द्यायचं नाही.

सर्किटवाली
चुंबकाचं मी सांगते. यंत्राच्या आत चुंबक ओळखणारा सेन्सर असतो. १० मिमी व्यासाचं, १ मिमी जाडीचं निओडिमियम चुंबक घ्या, स्क्रीन चालू ठेवून कडेकडेने सावकाश फिरवा. जिथे स्क्रीन बंद होते तिथे पेन्सिलीने कागदावर खूण करा. काही झालं नाही तर चुंबक उलटं करून पुन्हा फिरवा, कधीकधी बाजू महत्त्वाची ठरते. मग पुढच्या पुठ्ठ्यात बरोबर त्या जागी आतून खड्डा कोरा, चुंबक बसवा, वरून अस्तर. अस्तर लावण्याआधी कव्हर उघडमीट करून आणि मागे पूर्ण दुमडून नक्की पाहा. मागे दुमडल्यावर स्क्रीन बंद होत असेल तर चुंबक पलटून बघा.

रविवार_पेठ
सामान: बाइंडिंगचं कापड आणि ग्रे बोर्डसाठी अप्पा बळवंत चौकाच्या आसपास फिरा. फेल्ट, इलॅस्टिक, फीत रविवार पेठेत, बोहरी आळीत. मुंबईच्या कुणाला करायचं असेल तर फोर्टच्या फुटपाथवर आणि माटुंग्याला किंग्स सर्कलपाशी जुनी पुस्तकं मिळतात. आतून कसर लागलेलं, पण पुठ्ठ्याने धड असलेलं मागा.

जाता जाता, ही कल्पना नुसती हौशी नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या डोडोकेस कंपनीने २०१० मध्ये पहिल्या आयपॅडसाठी पारंपरिक बाइंडिंगच्या पद्धतीनेच कव्हरं काढली होती, आतली चौकट बांबूची.

पानोपानी_पुणे
सगळ्यांचे मनापासून आभार! आज खंड खाली काढला. समासात आजोबांची टिपणं आहेत, निळ्या शाईत, काही ठिकाणी तारखेसकट. तेव्हा आधी स्कॅनिंग, मग बाकीचं. काका, एकच शंका: चौकटीत यंत्र घट्ट बसेल की इलॅस्टिकही लावू?

खळ_आणि_दोरा
चौकट यंत्रापेक्षा चारी बाजूंनी अर्धा मिमी मोठी ठेवा, आतल्या कडेवर कापड चढलं की घट्ट बसतं. तरी आडवं पडून, यंत्र डोक्यावर धरून वाचायची सवय असेल तर समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना ६ मिमी काळं इलॅस्टिक तिरकं लावा. टोकं चौकटीच्या वरच्या दोन थरांमध्ये दाबायची, म्हणजे दिसत नाहीत. आणि यंत्राखाली एक फीत सोडा, तिचं टोक बाहेर. ओढलं की यंत्र अलगद वर येतं, नखाने उकरायला नको.